मधली ओळ

मावशीने मधल्या बोटात अंगुस्तान चढवलं, बोट टेबलावर टकटक वाजवून पाहिलं आणि म्हणाली, "झाले मी शिंपीण. आता सांग, माझं काय दुखतं?"

"मावशी! अगं, काल वाचून दाखवलं ना तुला सगळं?"

"गंमत केली गं. डोकं दुखतं. शिवायला बसलं की जास्तच."

"आणि?"

"आणि सुईत दोरा ओवता येत नाही. पण ते आपण होऊन सांगायचं नाही. हातचं काम जाईल म्हणून बाई लपवतेय. 'काम पूर्वीसारखं जमतं का?' असं कुणी विचारलं, तरच सांगायचं."

"शहाणी माझी मावशी. पाणी हवंय? खुर्ची टोचत नाही ना? भूक लागली का? घाबरली नाहीस ना?"

"नाही, नाही, नाही आणि नाही," मावशी म्हणाली. "पळ आता."

भाची वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत होती. मुलांना हाडं, नसा, औषधं सगळी तोंडपाठ असतात, पण समोरच्या माणसाला बोलतं कसं करायचं हे त्यांना कुणी शिकवत नाही, हा तिच्या संशोधनाचा विषय. त्यासाठी ती खोटे रुग्ण तयार करायची. कुणी निवृत्त पोस्टमन, कुणी शाळेतल्या बाई, कुणी नाटकात काम करणारा. प्रत्येकाला एक दुखणं, दुखण्यामागे दडवलेली एक गोष्ट, आणि ती गोष्ट बाहेर काढणारा एक नेमका प्रश्न. प्रश्न बरोबर पडला की माणूस बोलतो, असं तिचं म्हणणं. त्यावरचे तिचे निबंध परदेशांतही वाचले जात होते, आणि यंदापासून शेवटच्या वर्षाची तोंडी परीक्षा त्याच पद्धतीने घ्यायचं ठरलं होतं.

ठरलेल्या शिंपीणबाई आयत्या वेळी खरोखरच आजारी पडल्या, म्हणून मावशीला गळ घातली. मावशीचा विषय आर्थिक इतिहास. कापडगिरण्या बंद पडल्यावर तिथल्या बायकांनी घरं कशी चालवली, यावर तिने उभं आयुष्य घालवलं. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी शेवटचा खंड व्हायचा आहे म्हणून अजून रोज दप्तरखान्यात जायची. भाचीने विचारल्यावर म्हणाली होती, "आजवर मेलेल्यांच्या पोटापाण्याची चौकशी केली. आता जिवंतपणी खोटं आजारी पडून बघते."

काचेपलीकडच्या खोलीत भाची सर्जनशेजारी येऊन बसली. त्या काचेतून तपासणीची खोली दिसायची, तिकडून मात्र नुसता आरसा. सर्जन हे दुसरे परीक्षक. वयाने मोठे, जिभेने तिखट.

पहिला मुलगा आला तो खुर्चीत टेकायच्या आधीच सुरू झाला. कधीपासून दुखतं, कुठे दुखतं, उलटी होते का, ताप येतो का, काम पूर्वीसारखं जमतं का?

"सुईत दोरा ओवता येत नाही हो डॉक्टर," मावशी इतकी बिचारी होऊन म्हणाली, की भाचीला हसू आवरेना.

"शाब्बास," सर्जन गुणांच्या तक्त्यात त्या प्रश्नाच्या रकान्यात बरोबरची खूण करत म्हणाले. "पोलिसांत गेला असता तरी नाव काढलं असतं पोराने. पुढे कोण? अरे वा, मौनीबाई!"

मौनीबाई हे त्या मुलीचं वर्गातलं नाव. लेखी परीक्षेत ती पहिल्या काहींत असायची, पण रुग्णासमोर बसली की गप्प. मागच्या खेपेला जुन्या पद्धतीच्या तोंडी परीक्षेत ती नापास झाली होती. आज पुन्हा झाली, तर नियमाप्रमाणे तिचं नाव अभ्यासक्रमातून कमी होणार होतं. हे तिला ठाऊक होतं, आणि काचेमागच्या दोघांनाही.

"हिला पुतळ्यासमोर बसवलं ना," सर्जन म्हणाले, "तर कंटाळून पुतळाच आधी बोलेल."

"सर, आज तरी..."

"मी काय करणार? प्रश्न तुमचा, रकाना तुमचा. विचारलं तर गुण, नाही तर भोपळा."

मुलगी आत आली. नमस्कार करून क्षणभर उभी राहिली. खिडकीतून ऊन सरळ मावशीच्या तोंडावर येत होतं. तिने जाऊन पडदा ओढला. मग खुर्ची टेबलाच्या पलीकडून अलीकडे आणली आणि बसली.

"काय होतंय आजी?"

"डोकं दुखतं गं. शिवायला बसलं की जास्तच."

मुलीने मान हलवली आणि थांबली.

भाची पुढे झुकली. विचार, ती मनात म्हणाली. अगं, काम जमतं का विचार. एवढंच तर विचारायचंय.

मुलगी विचारत नव्हती. ती घड्याळाकडे बघत नव्हती, कागदाकडेही नाही. हात मांडीवर ठेवून मावशीकडे बघत बसली होती, घाई नसलेलं माणूस बसतं तशी. मावशीने अंगुस्तान बोटाभोवती फिरवलं. एकदा आरशाकडे मान वळवली. पुन्हा समोर.

असं बसणं भाचीने पूर्वी पाहिलं होतं. लहानपणी सुट्टीत ती मावशीकडे राहायला जायची, तेव्हा मावशी तिला गिरणीतल्या बायकांच्या घरी बरोबर न्यायची. एका खोलीचं घर, दोरीवर कपडे, स्टोव्हचा वास. मावशी कुशलबिशल विचारायची, आणि मग चक्क गप्प बसायची. छोट्या भाचीला तो वेळ खायला उठायचा. ती कोपराने ढोसायची, "मावशी, विचार ना काहीतरी!" मावशी हूं की चूं करायची नाही. आणि मग भांडी विसळता विसळता ती बाई कधी बोलायला लागायची, कळायचंही नाही. नवऱ्याला सांगितलेलं नसायचं, सासूला सांगितलेलं नसायचं, असलं काहीतरी. परत येताना बसमध्ये भाची विचारायची, तू काही विचारलंच नाहीस, तरी तिने कसं सांगितलं? मावशी खिडकीबाहेर बघत म्हणायची, "तिला सांगायचंच होतं. आपण मध्ये पडलो नाही, एवढंच."

आत मावशीने अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं.

"मधलंच दिसत नाही," ती म्हणाली.

मुलीने मान हलवली.

"कडेकडेचं दिसतं. ओळीच्या मधोमध मात्र डाग पडल्यासारखं. आणि ओळ सरळ राहतच नाही. पोट सुटल्यासारखी मध्येच वाकते. रोज जाते मी. कागद मागवते. तिथला शिपाई बिचारा गठ्ठा आणून ठेवतो, म्हणतो, घ्या बाई. मी पानं उलटत बसते. संध्याकाळ झाली की गठ्ठा परत करते."

"शिंपिणीला कसले गठ्ठे?" सर्जन म्हणाले. "मॅडम, तुमच्या मावशी पाठ विसरल्या वाटतं."

भाचीच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक कागदावर तसंच टेकून राहिलं होतं.

"कधीपासून, आजी?" आत मुलीने विचारलं. आवाज इतका हळू, की भाचीला स्पीकरजवळ कान न्यावा लागला.

"थंडी पडायच्या आधीपासून. आधी वाटलं चष्मा बदलायला झालाय."

मुलगी उठली. तिने आपला तळहात मावशीच्या उजव्या डोळ्यावर अलगद धरला. "आता माझ्याकडे बघा. दिसते मी?"

"कान दिसतात तुझे," मावशी म्हणाली. "केस दिसतात. चेहरा नाही."

"आणि आता या डोळ्याने?"

"थोडा बरा. पण पुसटच."

मुलगी पुन्हा बसली. यावेळी मावशी फार थांबली नाही.

"घरात डॉक्टर आहे माझ्या. भाची. दर रविवारी फोन करते. झोप येते का, भूक लागते का, गुडघा कसा आहे, सगळं विचारते. फार छान विचारते. म्हणून मग उत्तरंही छान द्यावी लागतात."

घंटा वाजली. परीक्षेचा नियम असा, की घंटा झाली की विद्यार्थ्याने नमस्कार करून मागच्या दाराने जायचं आणि परीक्षकांशी चकार शब्द बोलायचा नाही. मुलीने नमस्कार केला, मावशीला काहीतरी सांगितलं, आणि मागच्या दाराऐवजी परीक्षकांच्या खोलीचं दार ढकलून सरळ आत आली. चेहरा पांढराफटक.

"सर, मॅडम, डोळ्यांच्या विभागात आत्ता कोण असतं?"

"बाहेर हो," सर्जन म्हणाले. "परीक्षा आहे ही. कळतं का काही?"

"हो सर. पण आजींना खरंच दिसत नाहीये. आजच दाखवायला हवं. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं असलं तर इंजेक्शनं लवकर सुरू करावी लागतात. उशीर झाला की मग..." तिने काचेतून मावशीकडे पाहिलं. "माझं नंतर काहीही करा सर."

सर्जन भाचीकडे बघू लागले. मुलगीही. खोटे रुग्ण किती खरे वाटतात, याची प्रशस्ती भाचीने आजवर अनेकदा ऐकली होती.

"तू खाली जा," भाची म्हणाली. "माझं नाव सांग, केसपेपर काढ आणि तिथेच थांब. मी घेऊन येते त्यांना."

मुलगी धावतच गेली. जिन्यावर तिच्या चपला वाजलेल्या ऐकू आल्या.

सर्जनांनी गुणांचा तक्ता पुढे सरकवला. आवाज उतरला होता. "मॅडम, मी पोरीच्या वाईटावर नाही. पण प्रश्न तिने विचारला का? नाही. मग या रकान्यात मी काय लिहू?"

भाचीने तक्ता आपल्याकडे ओढला आणि त्या रकान्यावर उभी रेघ मारली. एका मुलीच्या नव्हे, वरपासून खालपर्यंत सगळ्यांच्या.

"अहो, हा तुमचाच रकाना आहे. निबंध लिहिलेत यावर."

"म्हणूनच मारतेय. बाकीचे गुण बघा, सर."

सर्जनांनी चष्मा कपाळावर चढवला. आपल्या बाजूने मुलीच्या नावापुढे बाकीचे रकाने एकेक करून भरले, बेरीज केली आणि खाली सही केली. भाचीने आकडा बघितला आणि शेजारी आपली सही केली. मुलगी पास झाली होती.

"पुढचा विद्यार्थी?" सर्जनांनी विचारलं.

"थोडा वेळ थांबवा."

तपासणीच्या खोलीत पडदा ओढलेलाच होता. भाची आत आली आणि मुलगी बसली होती त्या खुर्चीत बसली. मावशी, कधीपासून, मला का नाही सांगितलंस, किती दिसतं, लिहितेस कशी, जिना कसा उतरतेस... सगळं एकदम जिभेवर आलं. तिने ओठ मिटून घेतले.

मावशीने मान जराशी तिरकी केली. पांढरा कोट तेवढा दिसला असावा.

"आलीस परत?" ती म्हणाली. "बरं झालं. माझं चुकलं गं मघाशी. तू विचारायच्या आधीच बोलून बसले मी. पण घाबरू नकोस, तुझे गुण कापले तर भाचीशी भांडेन मी. ती ऐकते माझं." जरा वेळाने ती म्हणाली, "म्हणजे, ऐकेल."

भाचीने खुर्ची थोडी जवळ ओढली.

"डोळ्यांचं मात्र तिला आज नको. आपण दोघी दाखवून येऊ, मग मी सांगेन तिला सवडीने. तिच्या कामाचा दिवस आहे आज."

भाचीने उठून हात पुढे केला. मावशीने तो चाचपून धरला आणि खुर्चीतून उठली.

दोघी व्हरांड्यातून निघाल्या. बाकावर ओळीने बसलेली मुलं मॅडमना बघून उठून उभी राहिली. भाचीने मानेनेच त्यांना बसायला सांगितलं. जिन्याशी आल्यावर मावशीने कठड्याला हात लावला.

"तुझं एक बरं आहे," ती म्हणाली. "सावकाश चालतेस. माझी भाची फार भरभर चालते. माझी दमछाक होते, पण सांगायचं कसं?"

भाचीने खालच्या पायरीवर पाऊल टाकलं, आणि मावशीचं पाऊल तिथे येईपर्यंत तशीच उभी राहिली.