नापास शीतलचा फ्लेक्स

शीतल दहावीला गणितात गेली आणि आमच्या गावातल्या बायकांना आठवडाभराचं काम मिळालं. डोक्यावर पदर, चेहरा मयताला आल्यासारखा, अशा त्या घोळक्याने तिच्या घरी यायच्या. बसायच्या, उसासे टाकायच्या, चहा प्यायच्या आणि उठताना "बाकी समद्यात पास हाय म्हनं पोरगी" असं बोलून जखमेवर मीठ चोळायच्या. तिच्या आईच्या, झुंबरकाकूंच्या डब्यातली साखर संपली, पण माणसं संपेनात.

मी साधना, शीतलची शेजारीण. मी काठावर का होईना, पास झाले होते, म्हणून माझ्याकडे कुत्रंही फिरकलं नाही. आमच्या गावात पास होणाऱ्याला कुणी विचारत नाही.

खरी अडचण गणिताची नव्हतीच. शीतलचे वडील वारल्यापासून झुंबरकाकू अंकुशनगरच्या बाजूला ऊसतोडीला एकट्या जात. तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता टोळीत घ्यायचा म्हटलं की मुकादम नाक मुरडतो. निकालाच्या संध्याकाळीच शीतलचे थोरले चुलते बद्रीनाथभाऊ ओट्यावर येऊन फर्मान काढून गेले होते, "फेरपरीक्षा-बिरपरीक्षा बिलकुल न्हाई. यंदा पोरगी आईसंगं तोडीला जाईल. कोयता पुरा होईल."

त्या घरात शेवटचा शब्द भाऊंचा. झुंबरकाकू पडल्या त्यांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे भाऊ त्यांचे भाया. भाया आला की पदर पुढे ओढून आत जायचं, त्याच्याशी तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काकू त्या दिवशीही आत गेल्या आणि चुलीपुढे बसून रडल्या. शीतल जेवायचीच थांबली. मला तिची कीव येत होती आणि भाऊंचा असा राग येत होता की काय सांगू.

रविवारी समाजमंदिरात मुकुल सरांचा वर्ग असतो. सर जालन्याहून येतात, तोडीला जाणाऱ्या घरांतल्या पोरापोरींचं मन घट्ट करायला. माणूस चांगला. पहिल्या दिवशी त्यांनी रबरी चेंडू आणला होता. "हा आपटला तरी उसळून वर येतो. आपणही असंच व्हायचं," म्हणाले आणि चेंडू जोरात आपटला. तो उसळला, खिडकीतून बाहेर गेला आणि सोमेश्वरकाकांच्या उकिरड्यात रुतून बसला. वर काही आला नाही. पण सर स्वतःच इतके हसले, की तेव्हापासून आम्ही कुणी वर्ग बुडवला नाही.

त्या रविवारी सरांनी कागद वाटले. मधे आपलं नाव लिहायचं आणि भोवती आपल्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या माणसांची. शीतलने आपलं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"कुणीच नाही?" सरांनी हळू विचारलं.

"न्हाई."

"मग कुणाला तरी उभं करायला हवं. मदत मागणं म्हणजे कमीपणा नाही, शीतल."

सरांच्या मनात होतं की तिने जाऊन घरच्यांशी बोलावं. पण घरी जाताना शीतल मला म्हणाली, "साधने, आपल्या गावात मानूस दुसऱ्याच्या पाठीशी कधी उभा राह्यतो गं?"

"फ्लेक्सवर," मी म्हणाले.

ती थांबली. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत खोडी दिसली.

माझा भाऊ कल्याण अंबडला फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे. आमच्या सांगण्यावरून त्याने बद्रीनाथभाऊंना फोन लावला. "भाऊ, तुमच्या नावानं फ्लेक्स करून राह्यलो. फोटू पाठवा." आमच्याकडे फ्लेक्ससाठी फोटो मागितला तर तो कशाचा, हे विचारत नाहीत. विचारलं तर आपल्याला फ्लेक्सची सवय नाही, असं दिसतं. भाऊंनी लगेच फोटो पाठवला. मागोमाग दुसरा पाठवला आणि सांगितलं, "पयला नको घेऊ, त्याच्यात पोट दिसून राह्यलं."

सकाळी दुधाची गाडी यायच्या आत कल्याणसकट आम्ही तिघांनी फ्लेक्स फाट्यावर ताणून बांधला. मधे फेटा आणि गॉगल घातलेली शीतल, वर ठळक मजकूर: 'गणितात नापास होऊनही पुन्हा परीक्षेला बसणारी आमची लाडकी पुतणी शीतल हिला हार्दिक शुभेच्छा!' आणि खाली हात जोडून हसणारे शुभेच्छुक, मा. श्री. बद्रीनाथभाऊ.

तासाभरात निम्मं गाव फाट्यावर. भाऊ तरातरा आले, मजकूर वाचला आणि लाल झाले.

"कुनी लावलं हे? काढा आधी!" त्यांनी दोरीला हात घातला.

तेवढ्यात शेजारच्या गावच्या सोसायटीच्या चेअरमननी मोटरसायकल थांबवली. "मानलं भाऊ तुमाला! पास पोरांचे फ्लेक्स समदेच लावतेत. पडलेल्या पोरीच्या पाठीशी उभा राह्यनारा पुढारी आज पाह्यला."

दोरीवरचा हात मिशीवर गेला. "आता घरचीच पोरगी हाय," भाऊ म्हणाले. पण गाडी पुढे जाताच शीतलजवळ येऊन दात आवळून बोलले, "परीक्षा फोटूपुरती. दिवाळी झाली की तोडीला जायचं, समजलं?"

शीतलचा चेहरा पडला. आमची सगळी अक्कल त्या फ्लेक्सपाशी संपत होती.

मागून झुंबरकाकू आल्या. भाया समोर दिसताच पदर पुढे ओढला. मला वाटलं, आता वळून घरी जातील. त्या वळल्या, पण भाऊंकडे पाठ करून फ्लेक्ससमोर उभ्या राहिल्या, आणि भाऊंच्या फोटोला हात जोडून मोठ्याने बोलायला लागल्या.

"भाऊ, लई उपकार झाले. पोरगी परीक्षेला बसल. पास झाली तर अंबडला शिकल, पडली तर पुन्यांदा बसल. माझा कोयता अर्धा हाय, तो अर्धाच राहू द्या. अर्ध्या कोयत्यावर मी तिला हितवर आनली, म्होरंबी नेईन. पर माझ्या पोरीच्या हातात मी कोयता देनार न्हाई. तुमी तिच्या पाठीशी हायेत, हे समद्या गावानं वाचलंय."

फोटोतले भाऊ हसत होते. खरे भाऊ पावलाभरावर उभे होते आणि त्यांना उत्तर देता येईना, कारण त्यांच्याशी कुणी बोललंच नव्हतं. रीत तर पाळली गेली होती.

भाऊंनी घसा खाकरला. भावजयीकडे न बघता ते कल्याणला म्हणाले, "पोरगी पास झाली की दुसरा लाव. त्याच्यात माझा फोटू जरा मोठा घे."

झुंबरकाकू वळल्या. शीतलने त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले आणि म्हणाली, "आई, तुझा फोटू घ्यायचाच राह्यला."