दोन डाव्या पायांचं बदक

"सर, ज्यात शेवटी कुणीही मरत नाही असं एखादं कार्टून तुमच्याकडे आहे का हो?"

प्रश्न पिपाणीने विचारला खरा, पण कारस्थान गोटी आणि लंबूचं. "तुझ्यात दम असेल तर विचारून दाखव," असं म्हणून दोघींनी तिला मागून ढकललं होतं. मागच्या वर्षापर्यंत या पोरीला वर्गात 'म्यूट' म्हणत. हजेरीला "हजर" म्हणायचं तरी तिच्या घशाला कोरड पडायची. मग एकदा स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारी मुलगी तापाने पडली, बाईंनी हाताला लागेल तिला स्टेजवर उभं केलं, आणि या म्यूटने जे तोंड उघडलं ते अजून मिटलेलं नाही. तेव्हापासून ती पिपाणी.

चित्रकलेच्या वर्गात हशा पिकला. सर दर शनिवारी पडद्यांना कपड्यांचे चिमटे लावून अंधार करत आणि हाताने काढलेल्या छोट्या फिल्म दाखवत. फिल्म सुंदर असत, पण प्रत्येकीत कुणीतरी जायचंच. दीपगृहातला म्हातारा गेला, त्याची बोट गेली, परवा तर बिचारी एक किटली गेली. मुलं नाकं पुसत घरी जात.

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मग तूच शोध. पुढच्या शनिवारचा खेळ तुझा. अट एकच, हाताने काढलेली हवी. आणि बघणारा आत आला त्यापेक्षा हलका होऊन बाहेर गेला पाहिजे."

"झालं!" लंबू कुजबुजली. "आता भोग आपल्या कर्माची फळं."

त्या आठवड्यात शाळेतून आली की पिपाणी आईचा जुना फोन घेऊन खिडकीत ठाण मांडायची. आनंदी फिल्म शोधणं म्हणजे डाव्या हातचा मळ, असं तिला वाटलं होतं. पण पहिल्या दिवशी काय सापडलं, तर दात घासा म्हणून गाणारे ब्रश. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या चेहऱ्यांची गुळगुळीत माकडं. एक आळशी ढग बरा निघाला होता, म्हणून ती सरसावून बसली, तर शेवटी त्यानेही लोकांना स्वच्छतेचं महत्त्व पटवून दिलं.

हाताने काढलेली फिल्म कशी ओळखायची, हे तिला पक्कं माहीत होतं. ताईने शिकवलं होतं. "नुसतं उभं असलेलं कुणीतरी बघ. त्याची कड किंचित थरथरते का? थरथरली तर ते हातचं. उभं राहायचं असलं तरी परत परत काढावं लागतं गं, माकडे. एकच चित्र ठेवून दिलं तर ते मेल्यासारखं दिसतं."

ताई तेव्हा पिपाणीच्या इतिहासाच्या पुस्तकाच्या कोपऱ्यात बदक काढत होती. पानं फरफर सोडली की बदक चालायचं. पण त्याचे दोन्ही पाय डावे. ताईला उजवा पाय कधी जमलाच नाही. बाबा ते पुस्तक नाकाशी धरून म्हणायचे, "या गिऱ्हाइकाला बूट कुठल्या दुकानात मिळायचे?" आणि स्वतःच्याच विनोदावर इतकं हसायचे की चष्मा पुसायला लागायचा.

बाबांचं चष्म्याचं दुकान घराखालीच होतं. ताईची बारावी झाली तेव्हा त्यांनी दुकानावर नवी पाटी रंगवून घेतली होती, खाली झोकदार अक्षरांत 'आणि कन्या' असं लिहून. तिने चष्म्याचा कोर्स करायचा आणि दुकानात बसायचं, हे ठरल्यातच जमा होतं. ताईने मात्र दूरच्या शहरातल्या चित्रांच्या कॉलेजात नाव घातलं. घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, एकदाचं मिटलं तरी असतं. बाबा भिंग घासता घासता "जा" म्हणाले, एवढंच. नंतर 'आणि कन्या' या अक्षरांवर त्यांनी पांढरी पट्टी चिकटवली.

"कन्या मीही आहे की!" असं पिपाणीला तेव्हा ओरडायचं होतं. पण तेव्हा ती म्यूट होती.

आता ताईचा फोन रविवारी आईला यायचा. "बरी आहेस?" "बरी." "जेवलीस?" "हो, तुम्ही?" फोन स्पीकरवर असायचा. पलीकडच्या खोलीत बाबा पेपर वाचत बसायचे, आणि फोन चालू असेपर्यंत पेपरचं पान एकदाही उलटायचं नाही. घरी येऊ नको असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. आधी कुणी बोलायचं, यावर गाडं अडलं होतं ते अडलंच.

शुक्रवारी पिपाणीने हात टेकले. सगळीकडे शोधून झालं होतं, एक जागा सोडून. ताईच्या कॉलेजचं पान ती आठवडाभर टाळत होती, दुखऱ्या दाढेच्या बाजूने आपण चावायचं टाळतो तसं. डोळे बारीक करून तिने ते उघडलं. विद्यार्थ्यांच्या फिल्मची रांगच होती. खाली सरकत गेली, सरकत गेली, आणि तिचा अंगठा थांबला.

एक बदक. दोन्ही पाय डावे.

"अगं बाई!" ती मोठ्याने म्हणाली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

शनिवारी अंधार झाला. बदकाला घरी जायचं होतं, पण दोन्ही पाय डावे असल्यामुळे ते सरळ निघालं तरी डावीकडे वळायचं. ते न्हाव्याच्या दुकानात शिरलं, एका लग्नाच्या फोटोत घुसलं, बँकेच्या रांगेला गोल गोल फिरवून आलं. गोटी हसता हसता बाकावरून घसरली. सरसुद्धा फळ्याला धरून हसत होते. असं डावीकडे डावीकडे करत बदकाने सगळ्या गावाला वळसा घातला आणि अखेर बरोब्बर एका निळ्या दारासमोर येऊन पोचलं. दाराशी चष्म्याच्या आकाराचं पायपुसणं होतं. असलं पायपुसणं जगात एकाच घरापुढे आहे. आईने बाबांच्या वाढदिवसाला स्वतः विणलेलं.

बदकाने घंटेकडे पंख नेला. तिथे रंग संपले. नुसत्या पेन्सिलीच्या रेघा उरल्या, पंख मध्येच थांबला आणि बदक दाराकडे बघत, कड किंचित थरथरत, उभं राहिलं. कितीतरी वेळ. मग पडदा कोरा.

"ए, हे काय?" लंबू ओरडली. "दार उघडलं की नाही?"

"दार उघडायची चित्रं काढलेलीच दिसत नाहीत," सर म्हणाले. "पण मला एक सांगा, हे बदक शेवटी नुसतं उभं आहे. एकच चित्र ठेवलं असतं तरी चाललं असतं. एवढी मेहनत कशाला?"

"नाही चालत, सर," पिपाणी फाडकन उठली. "एकच ठेवलं तर ते मेल्यासारखं दिसतं. उभं राहायलासुद्धा परत परत..."

आणि तिचं तिलाच ऐकू आलं. ताई तिथे, त्या लांबच्या खोलीत, आपल्या दारासमोर उभी राहिली होती. पुन्हा पुन्हा. प्रत्येक कागदावर नव्याने.

पिपाणी खाली बसली.

"काय गं, बॅटरी संपली?" गोटीने विचारलं.

घरी न जाता पिपाणी तडक दुकानात गेली. बाबा मशीनवर भिंगाची कड घासत होते. आई दातांच्या दवाखान्यातली ड्युटी संपवून नुकतीच आली होती आणि स्टुलावर बसून चपलांतून पाय मोकळे करत होती. पिपाणीने काउंटरवरच्या फ्रेम बाजूला सारल्या आणि फोन आरशाला टेकवून उभा केला.

"बाबा, मशीन बंद करा."

"गिऱ्हाईक यायचंय पाचला. काय ते पटकन..."

"करा म्हणते ना!"

त्यांनी बंद केलं. बँकेच्या रांगेपाशी आई हसली आणि मग तिने पदर तोंडाशी नेला. बाबांनी आपला चष्मा काढला आणि बारीक स्क्रू बघायचं भिंग डोळ्याला लावलं. इतके जवळ वाकले की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. पायपुसणं आलं. नुसत्या पेन्सिलीच्या रेघा आल्या. बदक थरथरत उभं राहिलं, आणि मग काहीच उरलं नाही.

"पुन्हा लाव," बाबा म्हणाले.

तिने पुन्हा लावलं.

"अजून दोन्ही डावेच काढते," ते शेवटी म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "इतकं शिकून."

"मुद्दाम काढलेत हो," आई म्हणाली. "तुम्हाला ओळखू यावं म्हणून."

बाबांनी भिंग खाली ठेवलं. फडकं घेऊन ते एक चष्मा पुसू लागले. त्याला अजून काचाच बसवायच्या होत्या.

पिपाणीच्या घशाला जुनी कोरड पडली. क्षणभर वाटलं, झालं, आता आपण परत म्यूट. मग तिने बाबांच्या हातातून ती फ्रेम काढून घेतली.

"ऐका दोघं. मी विचारत नाहीये, सांगतेय. परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी ताईकडे जाणार आहे. एकटी. आई, तू रडायचं ते आत्ताच रडून घे. दार उघडायची चित्रं आम्ही दोघी मिळून काढू. ती शिकवेल, मी काढेन, उजवा पाय मला जमतो. पण दार उघडल्यावर आत कोण उभं आहे, ते मी मनाने काढणार नाही. म्हणून आत्ता वर चला, दोघंही. मी बाहेर उभी राहून घंटा वाजवते, तुम्ही दार उघडा. कसं उघडता ते मला नीट बघून घ्यायचंय."