जळलेल्या क्लचप्लेटची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनी क्लचप्लेट आहे. वयाने जेमतेम अडीच वर्षांची, पण जळलेल्या वस्तूला नवी कोण म्हणणार? अंगाला करपट वास येतो, तेव्हा खुशाल नाक दाबून ऐका. मला राग येणार नाही. ज्याचा राग यायचा त्याचा येऊन गेला, आता नुसती किळस उरली आहे.

माझे काम तसे साधे. गाडीचे इंजिन सारखे फिरत असते आणि चाकांना तर सिग्नलला थांबावे लागते. या दोघांच्या मध्ये मी. डाव्या पायाने क्लच दाबला की मी इंजिनाला सोडते, पाय उचलला की हळूच पुन्हा धरते. हे ‘हळूच’ ज्याला कळले त्याच्याकडे मी लाखभर किलोमीटर सुखाने नांदते.

मृणालिनीला ते कळले होते. घाटकोपरची ही बाई इंजिनियर. जुन्या इमारतींच्या दुरुस्त्या तपासायला कांजूरमार्ग, मुलुंड असे तिचे रोजचे फिरणे असे. मागच्या सीटवर हेल्मेट आणि नकाशांची गुंडाळी. गाडी शिकली ती सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यामुळे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलेले सगळे नेमाने पाळायची. चढावर थांबली की हँडब्रेक लावायची, क्लचवर गाडी तोलून धरायची नाही. मागचे रिक्षावाले हॉर्न मारून जीव खायचे. ती म्हणायची, “वाजवा, मला ऐकू येतंय.” तिच्या पायाखाली मी दोन वर्षे मजेत काढली. तेवढेच माझे चांगले दिवस.

मग तिच्या मुलाला, केयूरला, गाडीची ताकद कमी वाटू लागली. चोवीस वर्षांचा घोडा! अंधेरीच्या एका गॅरेजात नेऊन त्याने इंजिनाची ताकद जवळजवळ दीडपट करून आणली. मला वाढीव ओझे झेपेल का, याचा विचार कुणाच्या मनात आला नाही. रविवारी सकाळी आई झोपलेली असताना हा आणि त्याचा मित्र निहार गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर जात. केयूर गाडी जागेवर ठेवून इंजिन किंचाळेपर्यंत ॲक्सिलरेटर दाबायचा आणि क्लचवरचा पाय एकदम काढायचा. मी घसरायची, तापायची, माझ्या अस्तराचा, म्हणजे पकड देणाऱ्या वरच्या थराचा, धूर व्हायचा. निहार मोबाईलवर शूटिंग करत ओरडायचा, “झकास! अजून एकदा!” त्या ‘झकास’ शब्दाची मला आजही शिसारी येते. घरी परतताना दोघे खिडक्या उघड्या ठेवत, वास जावा म्हणून.

एवढे करून माझा जीव गेला तो मात्र मृणालिनीच्या हाती. पुलाच्या चढावर तिने नेहमीसारखा हँडब्रेक सोडला, पाय उचलला, पण मला इंजिन धरवेना. इंजिन ओरडत राहिले, गाडी जागची हलेना. मागे बस, बसमागे सगळी मुंबई. शेवटी चार रिक्षावाल्यांनी गाडी ढकलत बाजूला घेतली. बिचारी घामाने निथळत होती.

घरी केयूरने ऐकवले, “आई, तू क्लच अर्धवट दाबून, हाफ क्लचवर चालवतेस ना, त्यानेच वाट लागली. तुला ही गाडी नाही झेपत, यार.”

करून सवरून नामानिराळा! मृणालिनीने चावी टेबलावर ठेवली. “यापुढे मी गाडीला हात लावणार नाही,” म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून हेल्मेट आणि नकाशे सांभाळत ती रिक्षाने जाऊ लागली.

गॅरेजात मालवणी लवू मेस्त्रीने मला गाडीतून उतरवून बाकड्यावर ठेवले. नवा क्लच ठरवायला मायलेक दोघे आले होते. पर्याय तीन. एक माझ्यासारखाच, कंपनीचा. दुसरा माझ्याच अस्तराचा, पण जास्त जोराने दाबून धरणारा. तिसरा शर्यतीच्या गाडीचा, अस्तराऐवजी धातूचे सहा तुकडे असलेला. केयूरने तिसराच उचलला.

“लवूदादा, हाच टाक. कितीही पॉवर झेपेल.”

“पॉवर झेपात रे. पण ह्यो हळू धरना नाय, गचकन धरता. सिग्नलाक दर वेळी दणको. आणि पेडल इतक्या जड की ताईंचो पाय मुलुंडाक पोचेपर्यंत भरून येतलो.”

“आई कुठे चालवणार आहे आता?”

मृणालिनी खाली मान घालून म्हणाली, “लवू, त्याला हवा तो बसवा. माझ्यामुळेच जळला जुना.”

मला वाटले, आता तरी हा तोंड उघडेल. केयूर मोबाईल बघत राहिला. मित्रांनो, त्या क्षणी मला त्याचाच नव्हे, त्याच्या पायाखाली काढलेल्या प्रत्येक रविवाराचा वीट आला.

लवूने मला उचलून उजेडात धरले, अस्तरावर अंगठा घासला. काळा भुगा पडला.

“ताई, ह्या तुमचा काम नाय,” तो म्हणाला. “हाफ क्लचान प्लेट सावकाश झिजता, रिव्हेटापर्यंत पातळ होता. ही अजून जाड आसा, वरचो थर तेवढो करपलो. जेच्यार ही घासता त्या समोरच्या फ्लायव्हीलवर निळे डाग बघा. ह्या एकदम तापल्याचा काम. गाडी कोणीतरी जागेवरसून उडवल्यान.”

मृणालिनीने डाग पाहिले, मग मुलाकडे पाहिले. भिंतींच्या भेगा वाचणाऱ्या बाईला हे डाग वाचायला कितीसा वेळ लागणार? केयूरने मोबाईल खिशात घातला.

“रविवारी?” तिने विचारले.

“एकदोनदाच, आई.”

तिने धातूचा क्लच त्याच्या हातातून काढून घेतला आणि मधल्यावर बोट ठेवले. “हा बसवा. वाढलेली ताकद याला झेपेल ना?”

“झेपात. पेडल जरासा जड लागात, बस. पण पयले आठशे किलोमीटर सांभाळूक होये. गर्दीत, थांबत थांबत, हळू पायान. एकदा जरी उडवल्यात तर नवी प्लेट पण अशीच जळतली.”

मृणालिनीने हात पुढे केला. केयूरने चावी तिच्या तळव्यावर ठेवली.

“आठशे मी चालवीन. त्यापुढचं नंतर बघू. तू रिक्षाने जा.”

तो बाहेर पडला. “मी जाळला,” असे मात्र शेवटपर्यंत म्हणाला नाही.

मी आता भंगाराच्या पिंपात आहे. नव्या प्लेटचा मला हेवा वाटत नाही, ती चांगल्या पायाखाली गेली. तुम्हाला एवढेच सांगणे आहे, मित्रांनो. आम्हाला वापरा, घासा, पार पातळ होईपर्यंत झिजवा. आम्ही हूं की चूं करणार नाही. पण हौसेपायी जाळलेतच, तर निदान ज्याने जाळले त्याचेच नाव सांगा.