पातेल्याखालचा डाग

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. विजेवर चालणारी, काचेची, काळी, गुळगुळीत. माझ्या उजव्या कुशीवर ताटलीएवढा एक धुरकट डाग आहे. तो कसा पडला हे सांगताना मला अजून मान वर करवत नाही. शेगडीला कुठली मान, असे तुम्ही म्हणाल. मान नसेल, पण लाज आहे.

माझा जन्म भट्टीतला. कारखान्यात एका बाईने मला दिव्याखाली आडवी धरली, डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाली, "एक ओरखडा नाही हिच्यावर." ते वाक्य मी फार दिवस मिरवले. या घरी आले तेव्हा जुनी गॅसची शेगडी दारातून बाहेर चालली होती. तिच्या चिकट पायांकडे पाहून मी मनात नाक मुरडले होते.

घरात सूनबाई, त्यांची शाळेत जाणारी लेक चिमणी आणि आजोबा. आजोबांचा मुलगा कामासाठी दूर असे. सकाळी कामाला मावशी येत. मी थंड झाले की मावशी मला ओल्या फडक्याने पुसत, मग कोरड्याने. पुसताना गुणगुणत,

"काच पुसते मी बाई, काचेत कोण दिसे?
घामेजली एक बाई, माझ्याकडं बघून हसे."

आणि खरेच माझ्यात पाहून हसत.

आजोबांनी चाळीस वर्षे कारखान्यात धातूला पॉलिश केले होते. किटल्या, झाकणे, दारांच्या मुठी. मावशींची काळवंडलेली किटली त्यांनी एका दुपारी अशी उजळून दिली होती की मावशी ती पदराखाली झाकून घरी घेऊन गेल्या, दृष्ट लागेल म्हणून.

एका दुपारी चिमणीला खोकला झाला. आजोबांनी तिच्यासाठी दुधात साखर घालून पातेले माझ्यावर ठेवले. दूध वर आले तसे त्यांनी बटण बंद केले आणि पेला घ्यायला वळले. गॅसवर हे चालते. ज्योत विझली की दूध खाली बसते. पण मित्रांनो, मी विझले तरी लगेच निवत नाही. माझ्या कडेला एक लाल ठिपका तेवढा जळत असतो, आणि तो आजोबांच्या डोळ्यांना दिसत नव्हता. दूध भसकन उतू गेले आणि माझ्यावर चरचरत काळे झाले.

"अगं, बंद केली ना तुला!" आजोबा कळवळून म्हणाले.

पहिली चूक अशी माझी होती.

फडक्याने डाग निघेना. मी कोमट असतानाच ओले फडके थोडा वेळ ठेवले असते तर निघाला असता. पण आजोबांनी कपाटातून आपला बारीक पॉलिश पेपर काढला. अंगठा दाबून, गोल गोल, शिंपल्याच्या रेघांसारखे, एकावर एक. हात इतका सुरेख फिरत होता की मीही क्षणभर सुखावले. डाग गेला. मग खिडकीतले ऊन माझ्यावर पडले आणि त्या जागी बारीक ओरखड्यांची धुरकट वर्तुळे दिसली. धातू ज्याने उजळतो, त्यानेच मी कायमची आंधळी झाले होते.

त्यांनी त्या जागेवर रिकामे पातेले ठेवले. गुपचूप.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी ते उचलले.

"मावशी, तारेची घासणी लावलीत ना हिला?"

"नाही हो ताई! लेकराच्या गालासारखी पुसते मी हिला."

"मग काय काच आपोआप खरवडली? राहू दे. उद्यापासून हिला हात लावू नका. पुढचं काय ते मी ठरवते."

मावशींनी फडके खाली ठेवले. आजोबा दारात उभे होते. त्यांनी नजर हातातल्या चहाच्या कपात वळवली. आणि मी? सगळे माझ्यासाठी हळहळत होते आणि मला ते आत कुठेतरी आवडत होते. मित्रांनो, माझी सर्वांत मोठी लाज ती.

सूनबाई खोलीत गेल्या तशा मावशी माझ्यावर वाकल्या. बोट न लावता त्यांनी ती वर्तुळे पाहिली. एकावर एक, शिंपल्यासारखी. त्यांच्या किटलीवर हीच होती. त्यांनी वळून आजोबांकडे पाहिले, आणि म्हणाल्या एवढेच, "आजोबा, तुमचा चहा निवतोय."

आजोबांना कळले की मावशींना कळले आहे. चहाचा कप तसाच ठेवून ते सूनबाईंना हाक मारत माझ्यापाशी आले.

"सूनबाई, इकडे ये. मावशी, तुम्हीही थांबा." त्यांनी माझ्या डागावर अंगठा टेकवला आणि गोल फिरवला. तो प्रत्येक रेघेवर नेमका बसत गेला. "हा हात माझा आहे. काल दूध उतू गेलं. ज्या कामावर जन्मभर पोट भरलं, त्याच कामात घाण केली. सांगायची लाज वाटली, म्हणून या बाईच्या माथी जाऊ दिलं."

सूनबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी खाली ठेवलेले फडके उचलून दोन्ही हातांनी मावशींसमोर धरले. "मावशी, मी विचारलं नाही, सरळ ठरवून मोकळी झाले. चुकलं माझं."

मावशींनी फडके घेतले, डोळे टिपले आणि आजोबांकडे वळल्या. "किटली चकचकीत केलीत म्हणून गप्प बसले हो! आता पुढच्या वेळी चष्मा घाला, नाहीतर मलाच घासायला काढाल!"

आजोबा हसले, पण मान खालीच होती.

आता मी म्हातारी झाले आहे. मित्रांनो, मला निवू द्या, मऊ ओल्या फडक्याने पुसा, घासू नका. आणि घासलीच गेले, तर त्या डागावर पातेले ठेवू नका. मावशी रोज मला पुसतात, तेच गाणे गुणगुणतात. डागापाशी त्यांचा चेहरा पुसट होतो. तिथे त्या थांबत नाहीत, फडके अलगद फिरवतात, एकावर एक, आजोबांसारखेच, आणि गाणे पुढे जाते.