दसऱ्याचा हार

"डोळे काय घरी ठेवून येता?" विमानांचा मेकॅनिक महिपत ऐन दसऱ्याला हाताखालच्यांवर डाफरत होता. चाकं जमिनीवर मिटू नयेत म्हणून लावलेली पिन कुणी काढलीच नव्हती. उडाल्यावर चाकं आत जाईनात, म्हणून विमान अर्ध्या तासात परत आलं.

"पिनला हातभर लाल फीत असते, ती दिसली नाही?"

"फीत नव्हतीच, साहेब."

"मग काय उंदरांनी नेली?"

संध्याकाळी भाईंदरला घरी येऊन त्याने दरवर्षीसारखा हार बायकोच्या, मंजुळाच्या हातात दिला. सकाळच्या पूजेनंतर त्यानेच तो विमानाच्या चाकावरून ओढून काढला होता. ती तो स्कूटरला बांधायला गेली.

"अहो, ह्या झेंडूत ही लाल पट्टी कसली अडकलीय?"