अबोलीकडे दिलेले निरोप

मी अबोली. बोलतेय खरी, पण माझ्या नावाचा अर्थच न बोलणारी असा आहे. दोघा शिंपी भावांच्या आईने मला दुकानाच्या खिडकीत, तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं. फुलाला वास नाही, म्हणजे तोंड असून वाचा नाही, म्हणून ही अबोली, असं ती गिऱ्हाइकांना समजावून सांगायची. खरंखोटं तिलाच ठाऊक. मला मात्र ते पटलं होतं.

थोरला कापड बेतायचा, धाकटा मशीनवर शिवायचा. आई गेल्यानंतर एका कोटाची बाही आखूड झाली. थोरला गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "बेत माझा बरोबर होता, चुकला तो हात त्याचा." धाकट्याने मान वर केली नाही. तेव्हापासून दोघांत अबोला.

पण बोलल्याशिवाय कपडा कसा होणार? मग मधे मी सापडले. "अबोले, सांग त्याला, कॉलरला अस्तर जाड घाल." धाकटा मशीन न थांबवता म्हणे, "अबोले, विचार त्याला, मला आता शिवण शिकवतोय का?" दोघांत अंतर चार हातांचं. गिऱ्हाइकं हसायची. थोरल्याची बायको म्हणायची, निरोप न्यायला बरी शोधलीत, जिला वाचाच नाही ती.

पुढे थोरल्याच्या हातात कात्री थरथरायला लागली.

"अबोले, विचार त्याला, डॉक्टरकडे कधी जाणार."

"सांग, हातातले कपडे झाले की."

इस्पितळात निघाला त्या सकाळी तो माझ्यापाशी थांबला. "अबोले, सांग त्याला..." एवढंच. धाकट्याने मशीन थांबवलं. एरवी तो कधी थांबवत नसे. ऐकायला थांबला, पण मागे वळला नाही. थोरल्याने माझं एक वाळलेलं पान खुडलं आणि गेला. परत आला नाही.

आता धाकटा रोज तांब्या घेऊन येतो आणि हळूच विचारतो, "काय सांगायचं होतं गं त्याला?" उत्तराची वाट बघत पाणी ओतत राहतो. परवा वहिनी म्हणाली, "भावजी, तिला काय विचारता? तेव्हा मागे वळायचं होतं." त्याने तांब्या पुन्हा भरून आणला.

मला तरी कुठे माहीत आहे? माझ्याकरवी कधी कुठला निरोप गेलाच नव्हता. दोघं एकमेकांचंच ऐकत होते.

डब्याच्या तळाचं, पाणी निघून जायचं भोक केव्हाच बुजलंय. मुळं कुजू लागली आहेत, खालची पानं पिवळी पडून गळतात. पाणी पुरे, एवढं कुणीतरी त्याला सांगा. पण त्याच्या तोंडावर सांगा, माझ्याकडे निरोप ठेवू नका.