आक्काचा कडीचा डबा

मित्रांनो, तुमच्या घरात फळीच्या कोपऱ्यात एखादा पोचे आलेला कडीचा डबा असेलच. तसलाच मी एक. माझ्या झाकणावर पूर्ण नाव कोरलेलं होतं, पण घासून घासून त्यातलं आता 'आक्का' एवढंच उरलंय.

जन्म माझा कारखान्यातला, पण आयुष्य मिळालं ते कागलच्या आक्काच्या स्वयंपाकघरात. घरची शेती, दावणीला म्हशी आणि हाताला चव. तिच्या माडीवर मधुवंतीबाई भाड्याने राहायच्या, तिथल्या शाळेत शिकवायच्या. दोघी बहिणींसारख्या झाल्या होत्या. बदली होऊन बाई कोल्हापूरला निघाल्या तेव्हा आक्काने मला आमरसाने भरून त्यांच्या हातात दिलं आणि बजावलं, "डबा रिकामा धाडायचा न्हाय हां, बाई."

तेव्हापासून माझी ये-जा सुरू झाली. आक्काचा मुलगा धैर्यशील शिरोली एमआयडीसीत कामाला होता. जाता-येता तो मला मोटरसायकलच्या हँडलला अडकवून पोचवायचा. आक्काकडून उन्हाळ्यात गुळांबा यायचा, थंडीत पावट्याची उसळ, दिवाळीच्या तोंडावर सीताफळाची रबडी. बाईंकडून पेरूची कोशिंबीर आणि केळ्याची शिकरण जायची. शिकरण म्हणजे आक्काचा जीव की प्राण. ती मला बोटाने पुसून पुसून चाटायची, विसळायलासुद्धा काही उरायचं नाही. तेव्हा मला फार भारी वाटायचं.

गेल्या दिवाळीत रबडी घेऊन आलो आणि थोड्याच दिवसांत बाई न्हाणीघरात घसरल्या. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. धैर्यशील मला न्यायला आला तर म्हणाल्या, "रिकामा कसा देऊ रे? हात बरा होऊ दे." बाईंचे यजमान म्हणाले, पेढे आणून घालू. तर बाई त्यांच्यावरच डाफरल्या, "आक्काच्या डब्यात विकतचं?"

मी फळीवर थांबलो. प्लास्टर निघालं, पण बोटं अवघडलेलीच राहिली. मग शाळेत दहावीची गडबड सुरू झाली. माघात धैर्यशील आला आणि दारातच उभा राहिला. "आई आजारी हाय, बाई. तोंडाला चवच न्हाय तिच्या. तुमची शिकरण मागतीया."

बाई गलबलल्या. पण आजारी आक्काला नुसती शिकरण कशी पाठवायची? "पाडव्याला आंबा येईल. आमरस करते आणि मीच घेऊन येते, सांग तिला," त्या म्हणाल्या. ओट्यावर केळी होती, मित्रांनो. मला दिसत होती. पण डब्याला बोलता येत नाही.

आक्का पाडव्याआधीच गेली.

फोन ठेवून बाईंनी केळी कुस्करली, दूध, साखर, वेलची घातली. चहा उकळतो तेवढ्या वेळात शिकरण तयार झाली. एसटीत मला पोटाशी धरून बसल्या. कागलला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. घरातून बायकांचं रडणं ऐकू आलं तेव्हा त्या भानावर आल्या. सुतकाच्या घरात गोड कोण नेतं? मला पदराखाली झाकून त्या अंगणातच उभ्या राहिल्या.

धैर्यशीलने ओळखलं. त्याने मला त्यांच्याकडून घेतलं, गोठ्यामागे नेलं आणि सगळी शिकरण एकट्याने खाल्ली. खाताना तो हुंदके देत होता. मग मला नळाखाली धुऊन त्याने बाईंच्या हातात ठेवलं.

"रिकामाच देतोय, बाई. भरणारी न्हाय आता."

मित्रांनो, मला घासूनपुसून जपा, असं मी सांगणार नाही. पोचे आले तरी डबा चालतो. पण कुणाचा डबा तुमच्या फळीवर अडकून पडला असेल, तर मोठ्या बेताची वाट बघू नका. घरात असेल ते घाला. काहीच नसेल तर चिमूटभर साखर घाला, पण आजच धाडा.

बाई आता मला कधी रिकामा ठेवत नाहीत. रोज सकाळी घासतात, चमचाभर साखर घालतात, झाकण लावतात आणि दाराजवळ ठेवतात. न्यायला कुणी येत नाही.